हेडफोन घेताना आधी ओहम बघा

दुकानदार बासचं कौतुक करत असतो तेव्हा मी खोका उलटा करून इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेत आवाज किती मोठा येतो) शोधतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. दिसायला सारखेच, पण २५० वाला साध्या फोनला लावलात तर आवाज पूर्ण वाढवूनही मरगळलेलाच. सेनहायझरचा एचडी ६०० तर ३०० ओहमचा. तो घ्यायचा तर अ‍ॅम्पचे (आवाजाला जोर देणाऱ्या यंत्राचे) पैसे धरूनच हिशेब करा.

कानात खोचायच्या इन-इअरचं उलटं, त्यांना थोडाच जोर पुरतो. दणकट अ‍ॅम्पला जोडले की गाण्याआधीच 'स्स्स' सुरू. मी विलंबित ख्यालाआधीचा नुसता तानपुरा लावतो. जवारीच्या (तारांच्या गुंजनाच्या) मागे खरखर ऐकू आली की ती जोडी बाद. शिवाय सोर्सचा, म्हणजे ज्याला हेडफोन जोडता त्याचा, आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नको, म्हणजे १६ ओहमच्या इन-इअरला फार तर २. बऱ्याच इन-इअरचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला बदलतो, त्यामुळे जास्त ओहमच्या सोर्सवर आवाजाचा पोतच बदलतो. इक्वलायझरला उगाच दोष देऊ नका.

फोनला जॅक नसेल तर छोटा यूएसबी-सी डॅक (डिजिटल गाण्याचं हेडफोनच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा जोड) पुरतो. ब्लूटूथ घेणार असाल आणि हातात आयफोन असेल, तर एलडॅकसाठी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) जादा पैसे मोजू नका. आयफोन एसबीसी आणि एएसी याच पद्धती वापरतो. आणि हो, ओपन-बॅक (मागून उघड्या कपांचे हेडफोन) घरीच ठेवा. लोकलमध्ये तुमचं गाणं शेजारच्यालाही फुकटात ऐकू जातं.