पन्नाशीनंतर गुरं पाळायची असतील तर गायीच्या आधी फाटक बघा

मी पहिली गाय घेतली तेव्हा ५६ वर्षांची होते, त्याआधीचं सगळं आयुष्य ऑफिसात गेलेलं, आणि आता भेटेल तो एकच विचारतो की या वयात झेपतं का हो. झेपतं. फक्त तरुण माणूस जे अंगातल्या ताकदीवर मारून नेतो ते आपल्याला जागेच्या आखणीवर आणि गायीच्या स्वभावावर न्यावं लागतं, आणि ही तयारी गाय दारात यायच्या आधी करायची असते.

आधी ठरवा दूध की वासरं. दुधाचं म्हणजे रोज दोन वेळा धार, ठरलेल्या वेळेला, वर्षाचे ३६५ दिवस, अंगात ताप असला तरी, त्यामुळे हाताखाली कायमचा माणूस नसेल तर मी नकोच म्हणेन. दुसरा मार्ग म्हणजे गायी कुरणात चरतात, आपापली वासरं पाजतात, आणि सहा ते आठ महिन्यांची झाली की वासरांचं दूध तोडून ती विकायची. पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, पण गुडघे आणि कंबर शाबूत राहते. मी हाच धरला.

आता गाय कोणती घ्यायची. नवखी माणसं लहान कालवडी घेतात, वाढवू म्हणतात, पण हिशोब करा, कालवड जन्मल्यापासून पहिल्यांदा विते तोवर दोन-अडीच वर्षं जातात, मग तिचं वासरू विकण्याजोगं व्हायला अजून सहा-आठ महिने. एवढा काळ नुसतं खायला घालत बसायचं आणि वर पहिलारू विताना अडली तर आपल्यालाही काही कळत नाही न् तिलाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, डॉक्टरांनी हात घालून गाभण आहे म्हणून सांगितलेली गाय घ्या. तोंड उघडून दात बघा, आठही पक्के दात आलेली जुळलेली गाय म्हणजे साधारण चार-पाच वर्षांच्या पुढची. अशी गाय आपल्याला शिकवते, खरंच शिकवते, कुठे उभं राहायचं, कधी जवळ जायचं नाही, सगळं. आणि एकटी आणू नका, कळपातलं जनावर आहे, एकटं पडलं की सैरभैर होतं, तीन-चार आणा आणि पहिलं वर्षभर तेवढ्यावरच थांबा.

स्वभाव बघायला विकणाऱ्याच्या गोठ्यात निदान तासभर काढा. अनोळखी माणूस आत आल्यावर जी मान वर करून एकटक बघते, शेपूट आपटते, फुत्कारते, ती कितीही देखणी असो, सोडून द्या. मी नाही सोडली. माझ्या पहिल्या लॉटमधली एक पहिलारू दिसायलाच इतकी सुंदर होती की मी तिचं बुजणं बघूनही घेतली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती फाटकातून उलटी फिरली, फाटक उघडायचं आतल्या बाजूला, मी फाटक आणि कुंपणाच्या मधे, दोन बरगड्या गेल्या आणि दीड महिना खोकतानासुद्धा उशी छातीशी धरायला लागायची. त्या दीड महिन्यात मी सगळी फाटकं बदलून घेतली, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

फाटक दोन्ही बाजूंना उघडलं पाहिजे आणि कडी एका हाताने लागली पाहिजे. प्रत्येक वाड्याच्या कुंपणात एक माणूसफट ठेवा, साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर रुंद, आपण आडवे होऊन निसटू पण मोठी गाय येणार नाही अशी, कारण या वयात कुंपणावर उडी मारून वर चढणं होत नाही. इंजेक्शन, टॅग, तपासणी यासाठी मान अडकवणारा पक्का खोडा हवाच, दोरीने खेचाखेची करायची नाही. खोड्याकडे नेणाऱ्या गल्लीच्या बाजू बंद असल्या तर बऱ्या, बाहेरचं दिसलं नाही की गाय कमी बुजते. आणि कुठे गाय अडून राहिली तर तिला ढकलायच्या आधी स्वतः त्या गल्लीतून तिच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून चालून बघा, लोंबणारी दोरी, जमिनीवरची सावली, वाऱ्याने हलणारं पोतं, असलंच काहीतरी सापडतं.

हाकायची पद्धत पण ताकदीची नाहीये. गायीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात त्यामुळे तिला जवळपास चहूबाजूंनी दिसतं, फक्त बरोब्बर मागचं दिसत नाही, तिथून गेलात तर लाथ. तिच्या खांद्याच्या मागे जरा बाजूला उभे राहून एक पाऊल पुढे टाकलं की ती पुढे सरकते, खांद्याच्या पुढे गेलात की मागे फिरते. ती हलली की आपण लगेच एक पाऊल मागे यायचं, तेच तिचं बक्षीस. काठी नाही, ओरडणं नाही. मला हे अंगवळणी पडायला सहा महिने लागले. आणि वळू पाळू नका, गरीब वाटणारा वळूसुद्धा एका क्षणात माणूस मारू शकतो, कृत्रिम रेतनावर भागवा. माज, म्हणजे गाय गाभण राहायला तयार असते तो काळ, दर २१ दिवसांच्या आसपास येतो, सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करून भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

चाऱ्याचं गणित. गायीला रोज वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ४५० किलोच्या गायीला ९ ते ११ किलो, आणि हिरव्या गवतात पाचातले चार हिस्से पाणीच असतं त्यामुळे हिरवं म्हटलं तर ५० किलोच्या घरात जातं. जमीन किती गायी पोसेल हे सगळ्यात कोरड्या महिन्यांवरून ठरवा, हिरवं रान बघून ठरवाल तर फसाल. कुरणाचे तुकडे पाडून गायी फिरवत्या ठेवा, गवत ८-१० सेंटीमीटरवर आलं की पुढचा तुकडा. पाणी एरवी ५० लिटर, उन्हाळ्यात पाजत्या गायीला त्याच्या दुप्पट.

पैसे देण्याआधी ब्रुसेलोसिस आणि टीबीची तपासणी करून घ्या, दोन्ही माणसालाही होतात. आणलेली जनावरं तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची. रोज सकाळी मात्र नुसतं बघायचं, कोण रवंथ करतंय, कोण कळपापासून लांब उभं आहे, शेण कसं आहे. शंका आली तर डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरा, पोट निरोगी असेल तर मिनिटाला एक-दोनदा आतून मुठीला हळूच वर उचलतं. मूठ स्वस्थ राहिली तर थर्मामीटर लावा, ३८.५ डिग्री नॉर्मल, आणि डॉक्टरांना फोन. तीच कुशी फुगून ढोलासारखी वाजायला लागली तर ती पोटफुगी, तिथे वाट बघायची नाही.

गाभणकाळ साधारण २८३ दिवस, तारीख लिहून ठेवली असेल तर रात्रीची पळापळ अर्धी होते. विताना आधी पुढचे दोन खुर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसायला हवं. तासभर जोर लावूनही काही पुढे सरकत नसेल तर डॉक्टर, स्वतः ओढायला जाऊ नका, पाठ जाईल तुमची आणि वासरू पण. हात लावायचाच झाला तर लांब ग्लोव्हज. वासराच्या पोटात पहिल्या दोन तासांत चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, गेलाच पाहिजे, उभं राहत नसेल तर बाटलीने, कारण दिवस उलटल्यावर तो चीक रोगापासून वाचवत नाही. वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, बारा तासांत पडायला हवी, नाही पडली तर डॉक्टरांना कळवा, पण ओढून काढायची नाही.

मोबाईल खिशात, गाडीत नाही. आणि एक वही फाटकापाशी डब्यात ठेवा, टॅग नंबर, कोण कधी विणार, कोणाला काय औषध चालू, कोण लाथ मारते, डॉक्टरांचा नंबर. मागच्या वर्षी मी चार दिवस दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या पोराने ती वही बघून सगळं सांभाळलं, ७ नंबर त्याच्याच हाताखाली व्याली, आणि त्याने वहीत वेळ पण लिहून ठेवली होती, पहाटे ४:१०, कालवड, चीक पाजला.