कोकणातला वळीव: अंदाज वाचताना या चुका टाळा

एप्रिल लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच सुरू होतं. कोणी दहा दिवसांनंतरच्या पावसाचा रंगीत नकाशा टाकतं, कोणी "हवामान खात्याचं कधी खरं ठरतं का" म्हणून मोकळं होतं. नुकसान मात्र दोघांच्याही अंगणात होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाऊस बघायला समुद्राकडे तोंड करून उभं राहणं. जूननंतर ते ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाऊस बहुतेक वेळा पाठीमागून, घाटाकडून येतो. दुपारी घाटमाथा आणि पलीकडचं सातारा-कोल्हापूरकडचं पठार तापतं. समुद्रावरून आत शिरलेलं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं आणि ढगांचे मनोरे उभे राहतात. वरच्या थरात वारा पूर्वेचा असेल तर तेच ढग संध्याकाळी घाट उतरतात. म्हणून साखरपा, देवरुख, वैभववाडी भिजतात आणि त्याच वेळी किनाऱ्यावर लोक घाम पुसत बसलेले असतात.

आमच्या शेजारच्या काकांनी एका मे महिन्यात कातळावर कोकमाची सोलं पसरली होती. रसात बुडवून पुन्हा वाळवायची, असं बरेच दिवस चाललेलं काम, शेवटच्या टप्प्यात आलेलं. जिल्ह्याला पिवळा इशारा होता. मोबाइलवर मात्र सूर्याचं चित्र. दुपारी घाटावर पांढरे ढग फुलकोबीसारखे वर चढताना दिसले, म्हणून मी हाक मारून सांगितलं. काका म्हणाले, "समुद्राकडं बघ रे, एक ढग नाय!" चहाच्या वेळेला गार वारा सुटला, धूळ उडाली आणि कापड टाकायच्या आत सरी आल्या. मीठ-रस धुऊन गेला आणि उरलेल्या सोलांना बुरशी धरली. घरातल्या बायकांची कित्येक दिवसांची मेहनत गेली, हे मला आजही लागतं.

मोबाइलवरचं ते चित्र म्हणजे जवळच्या काही किलोमीटरच्या चौकटीचं गणित असतं. युरोपीय हवामान केंद्राच्या नावाजलेल्या अंदाज-मॉडेलचीही चौकट साधारण ९ किलोमीटरची. वळवाचा एकटा ढग कधी त्याहून लहान असतो आणि तासाभरात विरूनही जातो. तो नेमका तुमच्या वाडीवर पडेल की पलीकडच्या, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. दहा दिवस आधी सांगणाऱ्याचा नकाशा तर मी उघडतही नाही. माझी सवय साधी आहे: रात्री हवामान विभागाचा जिल्हावार इशारा, सकाळी पुन्हा तोच, आणि दुपारनंतर रडारचं चित्र व पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. घाईच्या लोकांना यातलं फक्त पहिलं जमतं, तेही इतरांनी पाठवलेलं.

"तुरळक ठिकाणी" वाचून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, एवढाच. त्यात तुमचं गाव नसेल, असं कुठेही लिहिलेलं नसतं. आंबा उतरवून पेट्या उघड्यावर ठेवायच्या की नाहीत, हे ठरवायला एवढं पुरे.

वादळाच्या बाबतीत वेगळीच घाई दिसते. "गुजरातकडे चाललंय, आपल्याला काय" हे वाक्य २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेच्या वेळी किती जणांनी म्हटलं असेल! ते वादळ १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं, पण जाता जाता कोकणाच्या किनाऱ्याला झोडपून गेलं. बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. केंद्र समुद्रात राहिलं तरी वाऱ्याचा घेर किनाऱ्यापर्यंत पोचतो. 'निसर्ग' वादळ तर १ जून २०२० ला कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन आकाराला येऊ लागलं आणि ३ जूनला अलिबागजवळ जमिनीवर आलं. म्हणजे हातात दोन दिवस. वादळाची खात्री पटेपर्यंत थांबणारा माणूस कौलं बांधायला उरलेला वेळ घालवतो.

नौका नेणाऱ्यांनी पावसाचा अंदाज नव्हे, मच्छिमारांसाठीचा वाऱ्याचा आणि लाटांचा इशारा वाचावा.

मनालीत किंवा काश्मीरमध्ये बर्फ पडल्याच्या बातमीवरून आपल्याकडचा पाऊस ठरवू नका. तो बर्फ पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली, आणतात. आपल्या वळवाचा कारखाना घाटावरच्या उन्हात आणि समुद्राच्या बाष्पात आहे.

विजेबद्दल मात्र मी कडक आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर आंबे उतरवायची घळ खाली टाका, कलमाखालून निघा आणि पक्क्या घरात जा. मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सगळ्यात उंच तुम्हीच असता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, पण गडगडाट ऐकल्यावर त्याची वाट बघत बसू नका.

आणि आकड्यांवरून भांडण्याआधी हे बघा: खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असतो. त्या २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'मुसळधार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत मुसळधार' मोजतात. कालची संध्याकाळची सर आजच्या आकड्यात येते.