लायसन्स सस्पेंड झालंय? अमेरिकेत आयडी कार्ड काढताना या चुका टाळा

इकडे अमेरिकेत लायसन्स गाडी चालवण्यापेक्षा ओळख दाखवायलाच जास्त लागतं. एअरपोर्ट, बँक, हॉटेलचं चेक-इन, वाइनची बाटली, अगदी फार्मसीत सर्दीची सुडाफेड घ्यायची तरी काउंटरवर तेच मागतात. त्यामुळे सस्पेन्शनची नोटीस आली की लोक ऑफिसला कसं जायचं या टेन्शनमध्ये असतात आणि ओळखपत्राची आठवण येते ती शिकागोच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री. गाडी चालवायची परवानगी गेली म्हणून ओळखपत्राचा हक्क जात नाही हो, न चालवणाऱ्यांसाठी राज्य सरकार वेगळं आयडी कार्ड देतं. मी न्यू जर्सी धरून लिहितोय कारण आपली बरीच मंडळी एडिसनच्या आसपास आहेत, बाकी राज्यांत फी आणि कागद बदलतात.

जुनं लायसन्स पाकिटात तसंच ठेवणं
"कार्डावरची तारीख तर अजून आहे ना" असं म्हणून लोक तेच दाखवत फिरतात. सस्पेंड झालेलं लायसन्स एमव्हीसीकडे, म्हणजे न्यू जर्सीच्या आरटीओकडे, जमा करायचं असतं. आणि पोलिसांनी थांबवलं तर त्यांना स्क्रीनवर खरं स्टेटस दिसतंच, कार्ड कितीही चकाचक असो. सस्पेंड असताना चालवताना पकडलं तर न्यू जर्सीत पहिल्याच वेळेला ५०० डॉलर दंड, वर सस्पेन्शन आणखी ६ महिन्यांपर्यंत वाढू शकतं. त्यापेक्षा २४ डॉलरचं नॉन-ड्रायव्हर आयडी काढा. रिअल आयडी, म्हणजे विमानप्रवासालाही चालणारं केंद्राच्या नियमांचं कार्ड, हवं असेल तर वर ११ डॉलर.

नाव आणि कागद न जुळणं
आपल्या लोकांचं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं. इथे ६ पॉइंटचा हिशोब असतो, म्हणजे प्रत्येक कागदाला ठरावीक पॉइंट आणि बेरीज ६ व्हायला हवी, शिवाय पत्त्याचा पुरावा वेगळा, रिअल आयडीसाठी तर दोन पुरावे. पण पॉइंट जुळले तरी नाव जुळत नाही. बायकांच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर सासरचं, मग मधली कडी दाखवायला लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, गुरुजींनी दिलेला दाखला नाही चालत, आणि प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून न्या. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो, त्यांचं नाव एका कागदावर एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) आणि दुसऱ्यावर भलतंच. हे घरी बसून आधी ताडून पाहा, कारण परत अपॉइंटमेंट मिळवणं हा वेगळाच छळ आहे.

नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्यांनो, आय-९४ म्हणजे अमेरिकेत आल्याची नोंद ताजी काढा. बरेच जण आय-७९७ च्या, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या पत्राच्या, खाली जोडलेला जुना तुकडा घेऊन जातात, आणि मधे दिवाळीला पुण्याला जाऊन आलेले असतात, म्हणजे एअरपोर्टवर नवीन आय-९४ तयार झालेला असतो. सीबीपीच्या (सीमा-तपासणी खात्याच्या) साइटवरून फुकटात प्रिंट निघते. रिअल आयडी कार्डाची मुदतही तुमच्या स्टेटसच्या तारखेइतकीच मिळते, तेव्हा कमी वर्षांचं आलं म्हणून भांडू नका.

"भारतातलं लायसन्स आहे की माझ्याकडे!"
नाही चालत. सस्पेंड होते ती त्या राज्यात गाडी चालवायची मुभाच, नुसतं प्लास्टिकचं कार्ड नाही, म्हणून पुण्याच्या आरटीओचं लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट दाखवून सुटका नाही. दुसऱ्या राज्यात जाऊन नवीन काढायचा जुगाडही चालत नाही, राज्यं नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर, म्हणजे लायसन्स सस्पेंड झालेल्यांची देशभरची यादी, तपासतात. दारू पिऊन चालवल्याची केस असेल तर आयडीच्या आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा, तसल्या अटकेवरून व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

पत्ता न बदलणं
घर बदललं की आपण यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) १० दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलाचा फॉर्म भरतो, त्याची भीती असते ना. एमव्हीसीला एका आठवड्यात कळवायचं असतं ते मात्र राहून जातं. मग नोटीस जुन्या अपार्टमेंटला जाते आणि आपण सस्पेंड आहोत हेच माहीत नसतं. आयडीचा अर्ज करतानाही पत्ता आधी अपडेट करा.

घाईघाईत कुठल्याही साइटवर पैसे भरणं
गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातींच्या साइटवर कार्ड नंबर टाकू नका. सुरुवात डॉट जीओव्हीच्या सरकारी साइटवरूनच करा आणि तिथल्या लिंकनेच पुढे जा.

कार्ड आलं, आता एअरपोर्टचं काय
७ मे २०२५ पासून डोमेस्टिक फ्लाइटलाही रिअल आयडी किंवा तत्सम ओळखपत्र लागतं. कार्डावर वरच्या कोपऱ्यात रिअल आयडीची चांदणी आहे का बघा. नसेल तर वैध भारतीय पासपोर्ट किंवा ग्रीन कार्डसुद्धा टीएसएला (एअरपोर्टच्या सुरक्षा तपासणीला) चालतं, उगाच तिकीट कॅन्सल करू नका. 😅

मुदत संपली म्हणजे लायसन्स परत आलं असं धरणं
कोर्टात दंड भरला आणि सस्पेन्शनची तारीख उलटली तरी आपोआप काही होत नाही. १०० डॉलर रिस्टोरेशन फी वेगळी भरायची आणि एमव्हीसीची रिस्टोरेशनची लेखी नोटीस हातात आल्यावरच स्टिअरिंगला हात लावायचा. लायसन्स परत घ्यायला जाताना आयडी कार्ड सोबत न्या, कारण एका माणसाला एकाच वेळी रिअल आयडीचं लायसन्स आणि रिअल आयडीचं आयडी कार्ड अशी दोन्ही ठेवता येत नाहीत.