सेगाचा ‘टेम्पो’ खेळताय? या चुका टाळा

टेम्पो म्हटलं की आपल्याला सामान लादलेली गाडीच आठवते. सेगा या जपानी गेम कंपनीचा टेम्पो मात्र नाकतोडा आहे, एका व्हिडिओ गेमचा नायक. १९९५ साली सेगाच्याच ३२एक्स या यंत्रावर आलेला हा गेम इतका रंगीत की डोळे दिपतात, आणि संगीत तर त्याच्या नावातच आहे: टेम्पो म्हणजे गाण्याची लय. सेगाच्याच लाडक्या सोनिकपुढे बिचाऱ्याला कोणी विचारलं नाही. आता जुन्या गेमच्या नादाने लोक त्याच्याकडे वळतात आणि पहिल्याच दिवशी ‘कॅसेट खराब आहे’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा कॅसेट ठणठणीत असते.

घोळ कुठे होतो? ३२एक्स हे स्वतंत्र मशीन नाही, मेगा ड्राइव्ह या सेगाच्या गेम मशीनच्या डोक्यावर बसणारी जोडणी आहे. चित्राचा एक थर मेगा ड्राइव्ह काढतो, दुसरा ३२एक्स, आणि दोन्ही थर ३२एक्समध्ये एकत्र होतात. त्यासाठी मेगा ड्राइव्हच्या मागून ३२एक्सकडे एक छोटी केबल जाते. जुन्या सेटमधून हीच केबल हमखास गायब असते. माझ्या सेटमध्येही नव्हती. दोन संध्याकाळी मी कॅसेटलाच दोष देत बसलो. चित्र अर्धवट दिसलं तर आधी ती केबल बघा. टीव्हीची वायरही ३२एक्सलाच लावायची. ती मेगा ड्राइव्हला लावली तर ३२एक्सचा थर दिसणारच नाही.

दुसरी चूक महागात पडते. अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेला अडॅप्टर अनुक्रमे १२० आणि १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातला की जळाल्याचा वास येतो आणि खेळ संपतो. मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय दोन्ही मशीनना वेगवेगळा अडॅप्टर लागतो. पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हच्या पिनमध्ये मधला भाग निगेटिव्ह असतो, ३२एक्सच्या पिनमध्ये पॉझिटिव्ह. बाजारातला ‘सगळ्याला चालणारा’ अडॅप्टर घेतलात तर टोक बसतंय का एवढंच पाहू नका, पोलॅरिटीही तपासा.

आणि फुंकर! लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण सगळ्यांनी मारली आहे. त्या वाफेने पट्ट्यांवर गंज चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, नीट वाळू द्या. इथे जोड दोन आहेत: कॅसेट ३२एक्समध्ये आणि ३२एक्स मेगा ड्राइव्हमध्ये. लोक वरचा चकचकीत करतात, खालचा विसरतात.

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळणाऱ्यांची अडचण वेगळी. रेट्रोआर्च नावाच्या अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मशीनसाठी वेगळा ‘कोअर’, म्हणजे नक्कल करणारा भाग, निवडावा लागतो. मेगा ड्राइव्हसाठी ‘जेनेसिस प्लस जीएक्स’ कोअर लावायची सवय असते, पण तो ३२एक्सचे गेम चालवत नाही. ‘पिकोड्राइव्ह’ निवडा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे पडतो, आणि अशा गेममध्ये ते फारच खुपतं. वायरचा हेडफोन लावा. टीव्हीचा गेम मोडही चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर नाकतोडा विचार करून उडी मारतो.

खेळताना एक गैरसमज नको. नाव आणि ठेका ऐकून काहीजण तालावर बटणं दाबत बसतात. हा तालाचा गेम नाही, साधा उड्यांचा आहे. ताल त्याच्या अंगात आहे, तुमच्या बोटांत नसला तरी चालतं.