साडेनऊचं ब्रीफिंग, दहाचा पंच

पुण्यात नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात मी सात वर्षं लेडीज सेक्शन सांभाळला. कागदावर शिफ्ट सकाळी 10 ते संध्याकाळी 7, मध्ये तासभर जेवण. प्रत्यक्षात साडेनऊला आम्ही सगळे अर्ध्या शटरखालून वाकून आत, ट्रायल रूमसमोर गोल करून उभे. काल किती विकलं, आज किती विकायचं, बिल साइझ (दर बिलामागची विक्री) का पडला, कुणाची नेमप्लेट नाही, कुणाची लिपस्टिक फिकी. हे ब्रीफिंग पाच मिनिटं म्हणून सुरू व्हायचं आणि पंचवीस मिनिटांनी संपायचं. मग 10 वाजता हजेरीच्या मशीनवर बोट, म्हणजे पंच. आणि हे सगळं गाठायला मी भोसरीहून आठच्या आधीची बस पकडलेली असायची, पोरीची वेणी सासूबाईंवर टाकून.

ब्रीफिंगला उशीर झाला तर 50 रुपये. काउंटरमागे प्लॅस्टिकची बरणी होती, तिला ‘समोसा फंड’ म्हणायचे. मी तीनदा भरले. तिसऱ्यांदा भरताना मात्र डोक्यात आलं: हजेरी दहाची, तर साडेनऊला उशीर होतोच कसा? ज्या वेळेचा पगार नाही त्या वेळेचा दंड कसा काय?

तुमच्या दुकानात बरणी नसेल, पण असं काहीतरी असणारच. ग्रुपवर ‘उद्या शार्प साडेनऊ, नो एक्सक्यूज’ असा मेसेज असेल, ब्रीफिंग चुकवलं म्हणून वीकऑफ बदलला असेल, सगळ्यांसमोर नाव घेऊन बोललं असेल. अशा बिनपगारी मीटिंगचा हिशेब मागायचा, तर सुरुवात तिथून करा. मीटिंग ‘ऐच्छिक’ होती असं नंतर हमखास सांगितलं जातं. सक्ती होती हे तुम्ही बोंबलून पटत नाही, त्यांच्याच मेसेजने पटतं. स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, कारण ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ मॅनेजरलाही येतं. आणि तो दुकानाच्या फोनमध्ये ठेवू नका.

दुसरं काम वहीचं. मी पोरीची उरलेली शंभर पानी वही घेतली. तारीख, ब्रीफिंग सुरू, ब्रीफिंग संपलं, पंच, कोण घेत होतं, विषय काय. रोज, बसमध्ये बसल्या बसल्या. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते. सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच घाईत लिहिलेल्या. विषय जरूर लिहा. ‘नवीन कुर्ती कलेक्शनचं ट्रेनिंग’, ‘कन्व्हर्जन कमी’ (आलेल्यांपैकी घेणारे कमी), ‘शेल्फवरचं फेसिंग’ (माल दर्शनी मांडणं) हे वाचलं की कुणालाही कळतं की हे कामच आहे, गप्पा नव्हेत.

मग हिशेब. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळा जीव यातच आहे. तेव्हा, 2023 मध्ये, माझा मूळ पगार आणि भत्ता मिळून 15,600 होता. 26 दिवसांनी भागलं तर दिवसाचे 600, आठ तासांनी भागलं तर तासाचे 75. रोजची 25 मिनिटं गुणिले 26 दिवस म्हणजे 650 मिनिटं, जवळजवळ 11 तास. दर महिन्याला सव्वा दिवसाहून जास्त मी फुकट उभी होते, तेही हील घालून.

आता कायदा. महाराष्ट्रात दुकानांसाठी 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा होती, आणि त्यापुढच्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे. आमचे मॅनेजर हुशार. म्हणायचे, “मॅडम, आठ तास आणि पंचवीस मिनिटं. नऊच्या आत बसतं की.” दिवसाचं बघितलं तर बसतं. पण आम्ही आठवड्याला सहा दिवस भरत होतो. सहा आठे अठ्ठेचाळीस, तिथेच पेला काठोकाठ भरला. त्यावर रोजची 25 मिनिटं म्हणजे आठवड्याला अडीच तास वर. ते अडीच तास दुप्पट दराचे. महिन्याच्या 650 मिनिटांचे तासाला 150 प्रमाणे 1,625 रुपये झाले. दिवसाचा आकडा दाखवून गप्प करणारे बरेच भेटतील. तुम्ही आठवड्याचा दाखवा.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यातले आकडे बदलायचा निर्णय घेतला: दिवसाचे 9 चे 10 तास, आणि कायदा लागू व्हायला 10 ऐवजी 20 कामगार. म्हणून दुकानात एकूण माणसं किती आहेत ते आधी मोजा, हाउसकीपिंगच्या मावशी आणि गोडाउनची मुलंही धरून.

सकाळच्या ब्रीफिंगपेक्षा वाईट प्रकार दोन-तीन आहेत. दुपारच्या शिफ्टवाल्यांना सकाळच्या मीटिंगला बोलावतात. मीटिंग 9 ला, शिफ्ट 12 ते 9. मधले दोन-अडीच तास फूड कोर्टात पाण्याची बाटली घेऊन बसायचं, घरी जाऊन परत येणं शक्यच नाही. इथे बघायचं ते ‘पसारा’, म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा सगळा वेळ, सुट्टीसकट. 2017 च्या कायद्यात तो दिवसाला साडेदहा तास होता. 2025 च्या निर्णयात 12 झाला. 9 ते 9 म्हणजे बरोबर 12, आणि क्लोजिंगला कॅश जुळली नाही की तोही गेला. वहीत मधला रिकामा वेळही लिहा.

रात्रीच्या क्लोजिंग मीटिंगला बायकांनी तर गप्प बसूच नये. साडेनऊनंतर स्त्री कामगाराला थांबवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेबरोबर घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. आमच्याकडे दिवाळीच्या सेलमध्ये पावणेदहाला ‘दोन मिनिटं थांबा’ व्हायचं. मी पहिल्यांदा काही म्हटलं ते याच मुद्द्यावर, कारण इथे पैशाची भाषा करावी लागत नाही. “सर, थांबते, पण गाडीचं काय?” एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून ती मीटिंग नऊ वाजता, गिऱ्हाइकं असतानाच होऊ लागली.

वीकऑफच्या दिवशी मंथली रिव्ह्यूला बोलावलं, तर तो दिवस कामाचा धरायचा: पैसे दुप्पट, आणि बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत सुट्टी. घरी बसून मोबाईलवर लावलेली ऑनलाइन मीटिंगही मी यातच धरते. कुकरच्या शिट्ट्या मोजत कॅमेरा चालू ठेवून बसले होते मी एकदा, तर एरिया मॅनेजर म्हणाले, “बॅकग्राउंड प्रोफेशनल ठेवा.” सुट्टीच्या दिवशी!

बोलायचं कसं? एकट्याने, सगळ्यांसमोर, ब्रीफिंगमध्येच तर मुळीच नाही. तिथे मॅनेजरला माघार घेता येत नाही, मग तो तुमच्यावर चढतो. मी दुपारी तीनची वेळ निवडली, फ्लोअर रिकामा असतो तेव्हाची. आणि मीटिंग बंद करा असं म्हटलंच नाही. मीटिंगला विरोध नाही, मलाही कलेक्शन कळायला हवंच. मी म्हटलं, “सर, ब्रीफिंगच्या आधी पंच करू दिलं तर बरं होईल. उशिराचा घोळही राहणार नाही.” हे वाक्य तुम्हीही वापरा. पैसे मागितले की मॅनेजरला वर विचारावं लागतं; पंचची वेळ बदलणं पुष्कळदा त्याच्याच हातात असतं. आमच्या सरांनी “बघतो” म्हटलं आणि बघितलं नाही. पण मी विचारलं होतं, ही तारीख वहीत आली.

त्यानंतर लेखी. भाषा भांडणाची नको, चौकशीची हवी. मी एच.आर.ला माझ्या स्वतःच्या ईमेलवरून हे पाठवलं:

“महोदय, माझी शिफ्ट सकाळी 10 ते संध्याकाळी 7 अशी ठरलेली आहे. रोज सकाळी 9.30 वाजता ब्रीफिंगला हजर राहण्याची सूचना आहे व उशीर झाल्यास 50 रुपये घेतले जातात. ही वेळ हजेरीत नोंदली जात नाही. या वेळेची हजेरी व वेतन कसे धरले जाते, तसेच माझ्या शिफ्टच्या वेळा कोणत्या, याची कृपया लेखी माहिती द्यावी. सोबत माझ्या नोंदींची प्रत जोडली आहे.”

शिफ्टच्या वेळा लेखी मागणं हा त्यातला खरा खिळा. त्या कामगारांना लेखी कळवायच्या असतात असं कायदाच सांगतो. 9.30 लिहिलं तर पगार द्यावा लागतो, 10 लिहिलं तर साडेनऊची सक्ती उरत नाही. दंडाचंही तसंच. कशासाठी दंड होईल ते सरकारच्या मंजुरीने आधी ठरवून नोटीस लावायची, कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मालकाने रजिस्टरमध्ये नोंद करायची, आणि पगाराच्या 3 टक्क्यांच्या आत राहायचं. बरणीत यातलं एकही बसत नाही.

शक्य असेल तर दोघी-तिघींनी सह्या करा. आमच्यात फक्त एक कॅशियर तयार झाली. बाकीच्यांना मी दोष देत नाही. कुणाचा हप्ता होता, कुणाचं प्रोबेशन. त्यांना एवढंच सांगितलं की सही नको, पण वही ठेवा.

उत्तर आलं नाही तर कामगार कार्यालय. पुण्यात कामगार उपायुक्तांकडे, मुंबईत महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे. पूर्वी ज्यांना दुकाने निरीक्षक म्हणत, त्यांना आता कायद्यात ‘सुविधाकार’ म्हणतात. नाव गोड झालंय. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नाहीत असं समजा. जाताना सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, वहीची झेरॉक्स आणि स्क्रीनशॉटच्या छापील प्रती. मोबाईल पुढे करून “हे बघा ना सर” करू नका, मागे रांग असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराबाबतचा केंद्राचा कायदा, लागू झाली आहे. तिच्यात थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. म्हणून नोकरीत असताना तक्रार करायची हिंमत नसेल, तरी वही फेकू नका. सोडल्यावरही ती चालते.

दोन खाचखळगे. एक म्हणजे ‘टीम लीडर’. पगार 500 ने वाढवून पद देतात आणि मग म्हणतात, तुम्ही मॅनेजमेंटमध्ये, तुम्हाला ओव्हरटाइम लागत नाही. व्यवस्थापक आणि देखरेखीच्या पदांना दुकानांच्या कायद्यातून सूट आहे हे खरं, पण अशा पदांची यादी कंपनीने जाहीर लावायची असते आणि सुविधाकाराकडे पाठवायची असते. यादी दाखवा म्हणा. दुसरा खड्डा एजन्सीचा. तुमचा पगार एजन्सीकडून येत असेल, तर दुकान म्हणतं त्यांना विचारा, एजन्सी म्हणते दुकानाला. अर्जात दोघांचीही नावं घाला. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

आणि हो, त्रास होतो. मला ईमेलनंतर पाच आठवडे सलग रविवारी क्लोजिंग लागलं, आणि लेडीज सेक्शनवरून ट्रायल रूमला टाकलं, कपडे मोजत. तेही मी वहीत लिहिलं.

शेवटी कामगार कार्यालयापर्यंत जावं लागलं नाही. अर्ज टाइप करून तयार आहे हे कॅशियरने चहाच्या वेळी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, ते पोचलं. पुढच्या महिन्यापासून ब्रीफिंग 10.05 ला, पंचनंतर. मागच्या पैशांपैकी रोख काही मिळालं नाही, आम्हा दोघींना चार-चार कॉम्पऑफ (बदली सुट्ट्या) मिळाले. मी ते घेतले. पोरीची परीक्षा होती, तेव्हा जास्त ताणलं नाही. कुणी ताणलं तर त्याचा हक्कच आहे.

बरणी एका सकाळी काउंटरमागून गायब झाली. तिच्यात 1,150 रुपये होते. आदल्या रात्री क्लोजिंगला मी मोजले होते.