टोस्टरची साफसफाई: तारांना हात न लावता

टोस्टर कसा साफ करावा हे सांगणाऱ्या सल्ल्यांत एकतर पाणी असतं, नाहीतर सुरी. दोन्ही लांब ठेवा. टोस्टर आणि टोस्टर ओव्हन, म्हणजे ओटीजी, मी कित्येक वर्षं स्वतःच साफ करतोय. या नादात एक टोस्टर कायमचा कामातून घालवलाही आहे. तेव्हा मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो: तापणाऱ्या तारा साफ करायच्याच नसतात. त्या निक्रोमच्या, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूच्या असतात. तार लाल दिसू लागते तेव्हा ती 500 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेली असते, तिला चिकटलेल्या पावाच्या कणाची तिथेच राख होते. त्रास देतो तो तारेच्या आजूबाजूला आणि खाली साठलेला चुरा. तो धड जळत नाही, नुसता करपत राहतो, धुराचा वास प्रत्येक पावाला लावतो, आणि ढीग पुरेसा झाला की एखाद्या दिवशी पेट घेतो.

1. प्लग काढा

बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. पुष्कळ टोस्टरांत आतला खटका वीज आणणाऱ्या दोन तारांपैकी एकच तोडतो. प्लग उलटा बसला असेल किंवा भिंतीतली जोडणीच उलटी असेल, तर पाव खाली दाबायची दांडी वर असतानाही आतल्या तारांत वीज खेळत राहू शकते. म्हणून अडकलेला पाव ‘बंद’ टोस्टरमधून काट्याने काढणाऱ्याला शॉक बसतो. प्लग सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवा, घरातल्या कोणी ‘निघालाय वाटतं’ म्हणून परत लावायला नको.

प्लग काढल्यावर दांडी एकदा दाबून बघा. सध्याच्या बहुतेक टोस्टरांत दांडी खाली धरून ठेवायचं काम विद्युतचुंबक करतो, त्यामुळे वीज नसताना ती लगेच वर यायला हवी. खालीच राहिली तर खटका जुन्या यांत्रिक पद्धतीचा आहे किंवा बाजूच्या फटीत चुरा अडकलाय. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अर्धा तास थांबा. गार झालेलाच टोस्टर हातात घ्यायचा.

2. ट्रे

खालचा चुऱ्याचा ट्रे ओढून काढा, कचऱ्याच्या डब्यात झटका, साबणाने धुवा, पुसून वाळत टाका.

3. आतला चुरा

सगळी गोम इथे आहे. माझा पहिला टोस्टर मी उलटा धरून सिंकच्या कडेवर आपटला होता, पाटीतली माती झाडावी तसा. भरपूर चुरा पडला, समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी दाबली तर आत लखकन ठिणगी पडली आणि घरातली वीज गेली.

झालं होतं ते असं. टोस्टरमधली तार हवेत लटकत नसते, ती अभ्रकाच्या पातळ पट्ट्यांवर गुंडाळलेली असते. अभ्रक उष्णता सोसतं आणि वीज वाहू देत नाही, म्हणून ते वापरतात. पण ते पापुद्र्यांचं असतं आणि दणका बसला की तडकतं. माझ्या आपटण्याने एक पट्टी तडकली, तार ढिली पडून लोंबली आणि पाव धरणाऱ्या लोखंडी जाळीला टेकली. वीज गेली हे नशीबच. नुसती जाळीत किंवा बाहेरच्या पत्र्यात वीज उतरली असती आणि मी तिथे हात लावला असता, तर हे सांगायला कोण होतं?

म्हणून टोस्टर आपटायचा नाही, गदगदा हलवायचाही नाही. सिंकवर किंवा पसरलेल्या वर्तमानपत्रावर तो हळूच उलटा धरा आणि बुडावर तळहाताने चार-पाच थापट्या द्या. तान्ह्या बाळाच्या पाठीवर देतो तितक्याच जोराच्या. मग डावीकडे कलवा, थापट्या. उजवीकडे कलवा, थापट्या. दांडी ज्या बाजूला आहे ती बाजू खाली करून थोडा जास्त वेळ धरा, कारण दांडीच्या फटीत गेलेला चुरा सहसा याच वाटेने बाहेर येतो. दांडी अडखळते म्हणून तिथे तेल सोडायचा सल्ला मी ऐकलाय. तो कोणी दिला तर त्याचं पुढचं काहीच ऐकू नका. तेल तापून धूर करतं, चुरा धरून ठेवतं आणि आग लागली तर इंधन होतं.

आता टॉर्च घ्या आणि वरून आत बघा. बघितल्याशिवाय काहीही आत घालायचं नाही. जाळीवर काय चिकटलंय, अभ्रकावर काय आहे, तळाशी काय उरलंय ते नीट ओळखा. मग इंचभर रुंदीचा, नैसर्गिक केसांचा, पूर्ण कोरडा ब्रश घ्या. नायलॉनचा नको. मी एकदा घाईत, टोस्टर पुरता गार व्हायच्या आत नायलॉनचा ब्रश फिरवला. दोन-चार केस वितळून तारेला चिकटले आणि पुढचे कित्येक दिवस पावाला जळक्या प्लास्टिकचा वास येत राहिला. ब्रश जाळीवर आणि तळाशी वरून खाली फिरवा. अभ्रकावर फिरवावाच लागला तर तार ज्या दिशेने गुंडाळलेली आहे त्याच दिशेने, फुंकर घातल्यासारखा. आडवा ओढलात तर केस तारेत अडकतात आणि तार जागची सरकते.

सर्वांत चिवट असतात मनुका, साखर आणि वितळलेलं चीज. ते जाळीवर असतील तर लाकडी काडीने हळूच दाबा. वाळलेला गोळा सहसा तुकडा पडून सुटतो. चमचा, सुरी, काटा, सुई यांतलं काहीही नको, प्लग काढलेला असला तरी नको. इथे भीती शॉकची नाही, तार तुटण्याची आणि अभ्रक फाटण्याची आहे. आणि गोळा थेट तारेलाच चिकटला असेल तर? तसाच राहू द्या. सगळी सफाई उरकल्यावर खिडकी उघडून टोस्टर दोनदा रिकामा चालवा, समोर उभे राहा. गोळा जळून ठिसूळ होईल. मग प्लग काढा, टोस्टर गार करा आणि ब्रशने झाडा. नखाने ओरबाडून जी तार तुटते, ती जोडायच्या फंदात पडू नका.

हवेच्या दाबाचा डबा वापरू का, असं विचारणारे बरेच भेटतात. नको. चुरा बाहेर येण्याऐवजी खटक्याच्या कोपऱ्यात घुसतो, आणि अशा बऱ्याच डब्यांतला वायू ज्वलनशील असतो. व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी टोस्टरच्या बाहेर, ट्रेच्या फटीजवळ धरली तर मात्र चालते.

4. बाहेरून

ओलसर, पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा. फवारा टोस्टरवर कधीच मारायचा नाही, मारायचाच तर फडक्यावर.

ओटीजी असेल तर

नियम तोच: प्लग, गारवा, आणि तापणाऱ्या दांड्यांना सोडून बाकी सगळं. त्या दांड्या बहुधा धातूच्या नळीत बंद तार असलेल्या असतात, त्यांच्यावरचे डाग वापराच्या उष्णतेनेच जातात. काही ओव्हनमध्ये क्वार्ट्झच्या काचेसारख्या नळ्या असतात. त्या फार नाजूक, त्यांच्याजवळ ब्रशसुद्धा नको.

ट्रे आणि जाळी गरम साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. भिंतींवरचा तपकिरी राप म्हणजे तापून तापून कडक झालेलं तेल, जवळजवळ वॉर्निशच. तो घासून निघत नाही, मऊ करून निघतो. खाण्याच्या सोड्यात थोडंसं पाणी घालून घट्ट लेप करा, दांड्या आणि हवेची छिद्रं टाळून फक्त भिंतींवर आणि काचेवर लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी ओल्या स्पंजाने पुसून काढा. सोड्याचा पांढरा थर उरणार नाही असं पाच-सहा वेळा पुसा.

आणि कृपा करून त्यावर व्हिनेगर ओतू नका. फेस बघायला छान वाटतो, पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं, म्हणजे एका साध्या क्षाराचं पाणी. दोन्ही कामाची द्रव्यं, एकत्र केली की वाया. व्हिनेगर वापरायचं तर वेगळं, काचेवरच्या पाण्याच्या डागांसाठी.

मोठ्या ओव्हनसाठी मिळणारे तीव्र क्लीनरही इथे नकोत. त्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, तो ॲल्युमिनियम खातो, आणि लहान ओव्हनचं अस्तर पुष्कळदा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं असतं. तारेची घासणी तर आत जाऊच देऊ नका. तिचे बारीक तुकडे तुटून वीज असलेल्या भागांवर पडले की शॉर्टसर्किट. गरम काचेवर ओलं फडकं टेकवलंत तर काच तडकू शकते.

चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरायची सवय असेल तर सोडा. फॉइल उष्णता परतवते, हवा अडवते आणि सुरकुतून वर आली तर तापणाऱ्या दांडीला टेकते. ट्रे धुवायला दोन मिनिटं लागतात.

5. पहिली फेरी रिकामी

सगळं रात्रभर वाळू द्या, ओव्हनचं दार उघडं ठेवून. मग पाव न घालता एकदा चालवा. थोडा वास येईल, तो जातो. घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर आधी त्यांना दुसऱ्या खोलीत न्या. काही ओव्हनच्या आत नॉनस्टिक थर असतो, आणि तो जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो.

नंतरची निगा

ट्रे आठवड्याला, आतला चुरा महिन्याला. लोणी लावलेला पाव उभ्या टोस्टरमध्ये कधीच नको, ते ओघळून अशा जागी जातं जिथे तुमचा ब्रश पोचत नाही. टोस्टर पडद्याखाली किंवा कपाटाच्या फळीखाली चालवू नका, गार व्हायच्या आत झाकू नका. ओव्हनमध्ये काही पेटलंच तर दार बंदच ठेवा, प्लग काढा, तिथपर्यंत हात पोचत नसेल तर मेन स्विच बंद करा आणि ज्वाळा विझेपर्यंत थांबा. पाणी नाही.

वापरानंतर कधीतरी प्लगला हात लावून बघा. टोस्टर साधारण 800 ते 1500 वॅट ओढतो, तेव्हा प्लग कोमट लागणं ठीक. चटका बसत असेल तर सॉकेटमधली पकड ढिली आहे, ती आधी दुरुस्त करून घ्या. वायर कडक होऊन तडे गेलेत, तार लोंबलेली दिसते, पाव एकाच बाजूने करपतो, दांडी आपोआप वर येत नाही: यांतलं काही सफाईनंतरही राहिलं तर टोस्टर उघडायला बसू नका. आतल्या पत्र्यांच्या कडा हात कापतात, आणि पुन्हा जोडलेला टोस्टर किती सुरक्षित आहे हे घरी तपासता येत नाही. तो टाकून देताना प्लग सॉकेटमध्ये नसल्याची खात्री करा आणि वायर बुडाशी कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून तो कोणी पुन्हा लावणार नाही.