हार्मोनची गोळी बंद करू का? ठरवायच्या आधी एवढं करा

स्तनाचा कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून देतात ती हार्मोनची गोळी, माझी लेट्रोझोल, सुरू करून तिसरा महिना होता, एका सकाळी बोटं इतकी आखडली की मला स्ट्रिपमधनं गोळीच दाबून काढता येईना, शेवटी मुलाला हाक मारली, आणि मनात आलं की खड्ड्यात जाऊ दे ही गोळी. तुमचीही अशी एखादी सकाळ झाली असेल तर आधी हेच सांगते, त्या सकाळी काही ठरवू नका. आणि डॉक्टरांना न सांगता गुपचूप बंद तर अजिबात करू नका. बऱ्याच जणी तेच करतात आणि मग तपासणीला गेल्यावर "हो घेते की" म्हणतात. त्याने डॉक्टर फसत नाहीत, नुकसान आपलंच होतं.

पहिलं काम म्हणजे स्वतःचा आकडा मागायचा. "गोळीने धोका निम्मा होतो" हे ऐकायला भारी वाटतं, पण निम्मा कशाचा? समजा 100 जणींमध्ये 30 जणींचा आजार उलटणार असेल तर निम्मं म्हणजे 15 जणी वाचल्या, आणि 6 जणींचाच उलटणार असेल तर 3. दोन्हीकडे शब्द तोच, पण तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो. गाठ किती मोठी होती, काखेतल्या गाठींपर्यंत गेलं होतं का, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) काय होती, यावर ते ठरतं. म्हणून सरळ विचारा, "माझ्यासारख्या 100 जणींनी गोळी घेतली तर किती जणींना फायदा?" पाच वर्षं टॅमॉक्सिफेन (हीही हार्मोनचीच गोळी, वेगळ्या प्रकारची) घेतलं तर त्याचा फायदा गोळी संपल्यावरही कितीतरी वर्षं टिकतो, हेही हिशेबात धरा.

दुसरं, वही. काय दुखतंय, कधी, दहापैकी किती, झोप किती वेळा मोडली. मी दोन आठवडे लिहिलं तेव्हा लक्षात आलं की मला खरा त्रास सांध्यांचा होता, गरम वाफांचा (अचानक अंग तापून घाम फुटतो ना, त्याचा) नाही, वाफांची फक्त चिडचिड व्हायची. आणि सगळंच काही गोळीमुळे नसतं हं, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, केमोमुळे अचानक गेलेली पाळी, हेही तपासून घ्या.

मग उपाय, आणि इथे लोक फार लवकर हात टेकतात. सांधेदुखीला नियमित व्यायामाने खरंच फरक पडतो (सुरुवातीला शिव्या द्याव्याशा वाटतात), ड्युलोक्सेटिनही (मुळात नैराश्यावरची गोळी) काहींना चालतं. वाफांसाठी तशीच व्हेनलाफॅक्सिन देतात, पण टॅमॉक्सिफेनवर असाल तर नैराश्यावरच्याच पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टाळतात कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचं काम अडतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. योनीच्या कोरडेपणाबद्दल लाजू नका, तो सांगितल्याशिवाय कोणी विचारत नाही.

तरी जमत नसेल तर गोळी बदलता येते. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन एकाच घरातल्या असल्या तरी एक सोसत नाही म्हणून दुसरीही सोसणार नाही असं नसतं, टॅमॉक्सिफेनचाही पर्याय असतो. मला डॉक्टरांनी चार आठवडे सुट्टी दिली आणि मग एक्झेमेस्टेन सुरू केलं. सुट्टी ठरवून घ्या, चार दिवस बंद करून काही कळत नाही, टॅमॉक्सिफेन तर अंगातनं जायलाच आठवडे लागतात.

एक मात्र लक्षात ठेवा, टॅमॉक्सिफेनवर असताना एक पोटरी सुजली, दम लागला, छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठा, तिथे वही-बिही काही नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तरी लगेच कळवा.

आणि पाच वर्षांचा निर्णय एका बैठकीत घेऊ नका, तीन महिन्यांचा घ्या. मग पुन्हा वही काढा. सगळं करून बघितलं, फायद्याचा आकडा लहान आहे आणि जगणं नकोसं झालंय, तर थांबणं हाही निर्णयच आहे आणि त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. माझा आकडा मोठा होता, म्हणून मी घेतेय. बोटं अजून सकाळी अर्धा तास कुरकुरतात, पण स्ट्रिप आता मीच फोडते, आणि पुढच्या महिन्यात हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आहे, तो बघून पुढचे तीन महिने.